पत्ता क्रमांक ४१: समीकरणांच्या पेटीच्या नोंदी

प्रकल्प: बी.एस्सी. प्रथम वर्षासाठी रासायनिक समीकरणांचे साठ पत्ते
कालावधी: जून ते सप्टेंबर २०२५

२४ जून

विभागप्रमुखांनी होकार दिला, पैसे मात्र नाहीत म्हणाले. संध्याकाळी छापखान्यातून लग्नपत्रिकांचे उरलेले जाड कागद आणले, शंभर रुपयांत दोन गठ्ठे. निम्म्यांच्या कोपऱ्यात सोनेरी गणपती उठवलेला आहे. राहू दे. कॉस्टिक सोड्याच्या पत्त्यावर गणपती असल्यानं काही बिघडत नाही.

योजना अशी: दर पत्त्यावर एक अभिक्रिया. पुढच्या बाजूला फक्त काय घेतलं आणि काय दिसलं, म्हणजे रंग, वायू, अवक्षेप (द्रावणात तयार होऊन खाली बसणारा साका), ऊब. मागच्या बाजूला संतुलित समीकरण आणि प्रकार. मुलांनी पुढची बाजू वाचायची आणि मागची आपल्या वहीत लिहायची, मग पत्ता उलटा करून ताडून बघायचं. एक अट मी स्वतःला घातली आहे. पत्त्यावर जाणारी प्रत्येक अभिक्रिया आधी आमच्या प्रयोगशाळेत करून बघायची, पुस्तकातून उचलायची नाही. ही अट मला महागात पडणार हे आत्ताच दिसतंय, कारण मी तासिका तत्त्वावर आहे आणि प्रयोगशाळेत रिकाम्या घालवलेल्या तासांचे पैसे कोणी देत नाही.

४ जुलै

पहिली चाचणी घेतली. ४३ मुलं, त्यातली बहुतेक दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, अकरावीला एकदम इंग्रजीत येऊन पडलेली. दहावीच्या विज्ञानात 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हा अख्खा धडा आहे, म्हणजे ओळख नाही असं नाही.

पहिलाच प्रश्न हायड्रोजन जळून पाणी होण्याचा. उजवीकडे ऑक्सिजनचा एक अणू कमी पडतो. १९ जणांनी पाण्याच्या सूत्रातल्या ऑक्सिजनच्या पायाशी २ लिहिला, समीकरण जुळवलं आणि पुढे गेले. जुळलंच ते. फक्त पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं.

एकाला जवळ बोलावून विचारलं. म्हणाला, "मॅडम, दोन पुढं लिहिला काय नि खाली लिहिला काय, दोनच की." मी त्याला मेडिकलमधली जखमेवर फेसाळणारी बाटली आठवते का विचारलं. आठवत होती. "तेच लिहिलंयस. पिशील?" तो हसला, पण चूक नेमकी कुठे झाली ते त्याला कळलेलं नव्हतं. त्याला सूत्र हा पदार्थ वाटतच नाही. ती अक्षरांची ओळ आहे आणि दोन्हीकडची अक्षरं सारखी केली की सुटका.

त्यावरून नियम पहिला: पत्ता मोठ्यानं वाचताना अक्षरं वाचायची नाहीत, पदार्थाचं नाव घ्यायचं. "दोन रेणू हायड्रोजन, एक रेणू ऑक्सिजन, दोन रेणू पाणी." नाव घेताना जीभ आपोआप अडखळते. 'पाणी' म्हणता म्हणता कोणी 'पेरॉक्साइड' म्हणत नाही. पत्त्यांवर सूत्रं असतीलच, पण या वहीत मीही नावंच लिहिणार आहे.

८ जुलै

पत्ते १ ते १४ झाले. मॅग्नेशियमची फीत, झिंक आणि विरळ आम्ल, मोरचुदाच्या द्रावणात खिळा, पेरॉक्साइडचं अपघटन (हा पत्ता ९), असली सोपी मंडळी.

अडला तो कळीचा चुना. पाणी घातलं की सणसणीत तापायला हवं, उष्मादायी संयोगाचं हे नेहमीचं उदाहरण. आमच्या बरणीतला चुना पाणी पिऊन गप्प बसला. थर्मामीटर दोन अंश चढला, बस्स. प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "मॅडम, हा कधीच विरलाय, बरणीतल्या बरणीत." झाकण सैल, पावसाळी हवा. बाजारातून ताजी कळी आणली. पाण्याचा हबका बसताच सूं आवाज, वाफ, आणि बीकरला बाहेरून हात लावता येईना. लेबल दोन्हींचं तेच.

१५ जुलै

आजचा दिवस तांबं आणि नायट्रिक आम्लाचा. फ्यूम कबर्डचा, म्हणजे विषारी धूर ओढून घेणाऱ्या कपाटाचा, पंखा फिरतो, ओढत काही नाही; म्हणून स्टँड मागच्या व्हरांड्यात मांडले. वाऱ्याकडे पाठ करून मुलांना उभं केलं.

दोन परीक्षानळ्या. एकीत तांब्याच्या तारेवर तीव्र आम्ल. लगेच लालसर तपकिरी धूर, द्रव हिरवा. दुसरीत निम्मं पाणी घातलेलं आम्ल. थोडं कोमट केल्यावर तारेवरून बुडबुडे निघू लागले, द्रव निळा झाला आणि नळीच्या तोंडाशी तपकिरी धूर आला. मुलांनी निकाल दिला: दोन्हीकडे तपकिरी, म्हणजे दोन्हीकडे नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे समीकरण एकच.

मी काही बोलले नाही. दुसऱ्या नळीमागे पांढरा कागद धरला आणि विचारलं, तपकिरी रंग कुठून सुरू होतो? मागे उभी असलेली एक मुलगी, जी कोरेगावहून एसटीनं येते आणि वर्गात कधी तोंड उघडत नाही, पुढे आली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "द्रवाच्या लगेच वर काहीच रंग नाही. दोन बोटं वर गेल्यावर धरतोय." बरोबर. निघतो तो रंगहीन नायट्रिक ऑक्साइड. हवेतला ऑक्सिजन भेटला की त्याचा तपकिरी डायऑक्साइड होतो. म्हणजे पत्ते तीन:

तांबे + ४ नायट्रिक आम्ल → कॉपर नायट्रेट + २ नायट्रोजन डायऑक्साइड + २ पाणी

३ तांबे + ८ नायट्रिक आम्ल → ३ कॉपर नायट्रेट + २ नायट्रिक ऑक्साइड + ४ पाणी

२ नायट्रिक ऑक्साइड + ऑक्सिजन → २ नायट्रोजन डायऑक्साइड

कागदावर पहिली दोन्ही तितकीच जुळलेली. कुठलं कधी लिहायचं हे आकडे सांगत नाहीत. दुसऱ्या समीकरणातल्या आठ आम्लांपैकी तांब्याचं ऑक्सिडीकरण करणारी, म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेणारी, फक्त दोन, उरलेली सहा नायट्रेट म्हणून तांब्याच्या पदरात जाऊन बसतात. हे नीट दाखवायला फळ्यावर वीस मिनिटं गेली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही.

निघताना रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र रे यांची गोष्ट सांगितली. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी भरपूर पाऱ्यावर थंड, विरळ नायट्रिक आम्ल टाकलं. नायट्रेटची वाट बघत असताना पिवळे स्फटिक दिसले, ते मर्क्युरस नायट्राइट निघालं. १८९६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. नायट्रिक आम्ल आणि धातू यांच्या बाबतीत समीकरण आधी लिहून मग नळी बघणाऱ्याला ते पिवळं दिसलंच नसतं. मुलांना गोष्ट आवडली. मामांना जास्त आवडली.

१९ जुलै

वर्गीकरण. आज पेटीत खाने करायचे होते आणि दिवस भांडणात गेला.

दहावीचे चार खाने मुलांना पाठ आहेत: संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन. वर 'रेडॉक्स', म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीचा, हा पाचवा. झिंक आणि विरळ सल्फ्युरिक आम्लाचा पत्ता घेऊन दोन गट भांडले, एक म्हणे विस्थापन, दुसरा म्हणे रेडॉक्स. दोघंही बरोबर. खरी चूक खाने मांडणाऱ्याची, म्हणजे माझी. 'मुलगा की कोल्हापूरचा?' असं विचारल्यासारखं झालं होतं ते.

म्हणून दोन वेगळे प्रश्न केले. पहिला: तुकडे कसे हलले? जुळले, तुटले, एकानं दुसऱ्याला हुसकलं, की जोड्या बदलल्या? याचं उत्तर वरच्या डाव्या कोपऱ्यात रंगानं. दुसरा: कुणाचा ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे अणूच्या वाट्याच्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब, बदलला का? बदलला असेल तर पत्त्याचा उजवा कोपरा कात्रीनं छाटायचा. पत्ते पिसले तरी बोटाला कळतं.

कात्री हातात आल्यावर मुलं खुलली. चुनखडी भाजली तर कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड: अपघटन, कोपरा शाबूत. पोटॅशियम क्लोरेट तापवलं तर क्लोराइड आणि ऑक्सिजन: हेही अपघटन, पण कोपरा छाटला. एकाच खान्यातले सख्खे भाऊ, एकाचा कान कापलेला. क्लोरीन थंड, विरळ कॉस्टिक सोड्यात सोडला की निम्मा क्लोराइड होतो, निम्मा हायपोक्लोराइट. एकच मूलद्रव्य वरही चढतं आणि खालीही उतरतं. तो पत्ता डाव्या कोपऱ्याच्या कुठल्याच रंगात बसेना.

तसाच चुन्याच्या निवळीचा. फुंकर मारली की दुधाळ होते, हे सगळ्यांना माहीत. विरलेला चुना + कार्बन डायऑक्साइड → चुनखडी + पाणी. संयोग म्हणावा तर उजवीकडे पदार्थ दोन. विस्थापन नाही, जोड्यांची अदलाबदल नाही. कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी, चुना आम्लारी, म्हणून ही आम्ल-आम्लारीची घरगुती भेट आहे, पण चार खान्यांत तिला जागा नाही. संध्याकाळी मोजलं तर 'इतर' नावाचा खाना सगळ्यात जाड झाला होता. ज्वलनाचे पत्ते त्यातच. पुस्तकं या खान्याविषयी फारसं बोलत नाहीत.

२२ जुलै

लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइड. पिवळाधमक अवक्षेप, गरम पाण्यात विरघळवून निवू दिला तर सोनेरी पापुद्रे चमकत खाली येतात. मुलांनी मोबाइल काढले, मी पाच मिनिटं गप्प राहिले. पत्त्यावर आयनांचं, म्हणजे द्रावणातल्या भारित कणांचं, समीकरण वेगळं लिहिलं: शिसं आणि आयोडाइड एवढंच, पोटॅशियम आणि नायट्रेट हे प्रेक्षक. शिशाचा कचरा वेगळ्या डब्यात, बेसिनमध्ये नाही.

१ ऑगस्ट

पत्ता ४१. परमँगनेटचं जांभळं द्रावण, त्यात सल्फ्युरिक आम्ल, वरून पेरॉक्साइड. रंग उडतो, बुडबुडे येतात, नळीत पाण्यासारखं स्वच्छ द्रावण उरतं. पुढची बाजू सोपी आहे. मागच्या बाजूचं माझं उत्तर:

२ पोटॅशियम परमँगनेट + ३ सल्फ्युरिक आम्ल + ५ हायड्रोजन पेरॉक्साइड → पोटॅशियम सल्फेट + २ मँगनीज सल्फेट + ८ पाणी + ५ ऑक्सिजन

कोरेगावच्या मुलीनं वही आणून दाखवली. तिच्याकडे पेरॉक्साइड एकच, पाणी ४, ऑक्सिजन ३. बाकी सगळं तेच. मी लाल पेन टेकवलं आणि सवयीनं फुली मारली. ती गेली नाही. "मॅडम, कुठं चुकलं?"

मोजलं. सल्फेटमधला ऑक्सिजन दोन्हीकडे तेवढाच, तो बाजूला ठेवला. डावीकडे परमँगनेटचे ८ आणि पेरॉक्साइडचे २, म्हणजे १०. उजवीकडे पाण्याचे ४, ऑक्सिजनचे ६, म्हणजे १०. हायड्रोजन डावीकडे ६ आणि २, उजवीकडे ८. पोटॅशियम, मँगनीज, गंधक ठीक. चुकलेलं काही नाही.

शेजारच्यानं आपली वही पुढे केली. त्याच्याकडे पेरॉक्साइड ३, पाणी ६, ऑक्सिजन ४. तेही जुळतं.

फुलीवर फुली मारता येत नाही, म्हणून तिच्याच वहीत खाली लिहिलं, 'तपासून सांगते', आणि तारीख घातली.

४ ऑगस्ट

गणिताच्या सरांना चहाच्या वेळी गाठलं. त्यांनी बिलाच्या मागच्या बाजूवर सोडवलं. सात पदार्थ म्हणजे सात अज्ञात. पाच मूलद्रव्यं म्हणजे पाच अटी. एरवी समीकरणात एकच अज्ञात मोकळा राहतो, तो म्हणजे सगळ्याला दोननं गुणा, तीननं गुणा, एवढंच. इथं दोन मोकळे. "मॅडम, तुमच्याकडे एकात दोन समीकरणं मिसळली आहेत. उत्तरं अनंत आहेत," असं म्हणून ते खूष होऊन तासाला गेले.

मिसळलेलं दुसरं समीकरण शोधायला लांब जावं लागलं नाही, ते आमच्याच पेटीत होतं, पत्ता ९:

२ हायड्रोजन पेरॉक्साइड → २ पाणी + ऑक्सिजन

हे स्वतःच जुळलेलं आहे. ते पत्ता ४१ मध्ये कितीही वेळा मिळवा किंवा वजा करा, बेरीज बिघडत नाही. पाचातून एकदा वजा केलं की तीन, दोनदा केलं की एक. मुलांनी अंदाजानं आकडे बसवले आणि जो आधी बसला तिथं थांबली. मी पाचावर थांबते, कारण मला पाच शिकवलेले आहेत.

ऑक्सिडेशन नंबरनं केलं तर पाचच येतात, हे खरं. पण मुलगी विचारणार, ती पद्धत बरोबर कशावरून? मग ब्युरेटलाच, म्हणजे थेंब थेंब सोडून मोजायच्या तोटीच्या नळीलाच, विचारू.

७ ऑगस्ट

सकाळी परमँगनेटची ताकद तपासून घेतली. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक १.५७६ ग्रॅम, २५० मिलीला, म्हणजे ०.०५ मोलार (लिटरला ०.०५ मोल). त्यातलं १० मिली, विरळ सल्फ्युरिक आम्ल, ६० ते ७० अंश. पहिले थेंब हट्टी असतात. जांभळा थेंब पडतो आणि तसाच फिरत राहतो, रंग जायला अर्धं मिनिट. एकदा थोडं मँगनीज तयार झालं की तेच पुढच्या थेंबांना हात देतं आणि मग रंग पडता पडता उडतो. मुलांना पहिल्या थेंबालाच एंड पॉइंट, म्हणजे अभिक्रिया पुरी झाल्याची खूण, आला असं वाटतं, दर वर्षी. रीडिंग १०.०, १०.०. परमँगनेट ०.०२ मोलार. द्रावण गडद, म्हणून वरची कड वाचायची.

दुपारी पेरॉक्साइड. बाटलीवर '२० व्हॉल्यूम', म्हणजे १ मिली द्रवातून प्रमाण तापमान-दाबाला २० मिली ऑक्सिजन, म्हणजे साधारण १.७९ मोलार. १० मिली घेऊन २५० मिली केलं. फळ्यावर आधीच लिहून ठेवलं: १० मिलीला परमँगनेट आणि पेरॉक्साइड यांचं प्रमाण २:५ असेल तर परमँगनेट १४.३ मिली लागेल, २:३ असेल तर २३.८, २:१ असेल तर ७१.४. मुलांनी पैजा लावल्या, वडापावच्या.

आलं ९.८. पुन्हा केलं, ९.८.

वर्गात शांतता. आणि मग कोरेगावकरणीनं वहीत गणित करून हात वर केला. "मॅडम, यावरून दोनाला सात येतंय, सात पूर्णांक तीन. आणि सात पण जुळतंय." वाचून दाखवलं: ७ पेरॉक्साइड, १० पाणी, ६ ऑक्सिजन. खरंच जुळतं. प्रयोगानं पाठिंबा दिलेलं, काटेकोर जुळणारं आणि चुकीचं समीकरण. मी इतकी वर्षं शिकवतेय, असं कधी समोर आलं नव्हतं.

८ ऑगस्ट

रात्री चुन्याची बरणी आठवली.

मामांना विचारलं, बाटली कधीची? "मागल्या वर्षीची. उन्हाळाभर खिडकीतच होती की." पेरॉक्साइड उजेडात आणि उबेत आपोआप फुटतं, पत्ता ९ मीच लिहिला आहे. वीस व्हॉल्यूम राहिलेलं नाही, एवढं नक्की.

मग खरा तिढा. आमच्या प्रात्यक्षिकात पेरॉक्साइडची ताकद काढतात ती परमँगनेटनंच, २:५ गृहीत धरून. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाच साक्षीला उभं करण्यातला प्रकार. ताकद दुसऱ्या वाटेनं काढायला हवी, आणि तिथं परमँगनेटची सावलीही नको.

उद्या राखीपौर्णिमा, मग रविवार. मंगळवारी बघू.

१२ ऑगस्ट

वाट पत्ता ९ चीच. तीन पदार्थ, दोन मूलद्रव्यं, तिथं उत्तर एकच असतं. बाटलीतलं पेरॉक्साइड सगळं फोडायचं आणि ऑक्सिजन मोजायचा.

मांडणी: लहान फ्लास्कमध्ये थोडं पाणी आणि चमच्याच्या टोकावर मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड. दोन भोकांचं रबरी बूच, एका भोकात इंजेक्शनच्या सिरिंजची सुई, दुसऱ्यातून नळी पाण्याच्या परातीत, तिच्यावर उपडा ५० मिलीचा मोजपात्राचा नळा. सिरिंजमध्ये २ मिली पेरॉक्साइड. दट्ट्या दाबला की फ्लास्क फुसफुसतो, काळं पाणी उकळल्यासारखं दिसतं, आणि पलीकडे बुडबुडे रांगेनं चढू लागतात. पाच मिनिटांत सगळं थांबलं. फ्लास्क निवू दिला, आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीत आणलं. ३५ मिली.

पैज हरलेल्यांपैकी एक म्हणाला, "मॅडम, यातले दोन मिली आपलेच आहेत." सिरिंजमधून २ मिली द्रव आत गेला, त्यानं तेवढीच हवा ढकलली. बरोबर. ३३ मिली.

घाईघाईनं त्यांनी ३३ भागिले २, साडेसोळा व्हॉल्यूम धरून प्रमाण काढलं. २:६ आलं. आणि सगळं दुप्पट केलं की तेही जुळतं, म्हणून हशा. पण हा ऑक्सिजन ओला आहे, कोमट आहे आणि आपण समुद्रकाठी नाही. फिजिक्सच्या फॉर्टिन बॅरोमीटरवर आज हवेचा दाब ७०२ मिमी होता. सातारा परिसराच्या उंचीला एवढाच असायचा. पाणी २५ अंश, त्या तापमानाला वाफेचा दाब २४ मिमी. उरले ६७८. ७६० आणि शून्य अंशाला आणल्यावर ३३ चे २७ मिली झाले. म्हणजे साडेतेरा व्हॉल्यूम, म्हणजे १.२० मोलार. बाटलीनं उन्हाळ्यात तिसरा हिस्सा गमावला होता.

१३ ऑगस्ट

त्याच बाटलीतून नव्यानं १० मिलीचे २५० केले. अंदाज पुन्हा फळ्यावर: २:१ ला ४८.२, २:३ ला १६.१, २:५ ला ९.६, २:७ ला ६.९.

ब्युरेटवर आज कोरेगावची मुलगी. हात थरथरत होता पण थेंब एकेक सोडत होती. ९ नंतर रंग जायला वेळ लागायला लागला, ९.५ ला तिनं तोटी बंद करून श्वास सोडला. आणखी दोन थेंब. आणखी एक. फिकट गुलाबी, अर्धं मिनिट टिकला. ९.७. दुसऱ्यांदा ९.७, तिसऱ्यांदा ९.६.

तिनं स्वतःच गणित केलं: दोनाला ४.९७. तिच्या वहीतल्या माझ्या फुलीखाली तिनंच '५' लिहिला. वडापाव मात्र कोणीच कोणाला दिले नाहीत, कारण पहिल्या दिवशी पाचावर पैज लावणारं कोणी नव्हतं; लावली असती तर ती मीच.

२३ ऑगस्ट

पत्ता ४१ नव्यानं लिहिला, आता तो दोन पत्त्यांचा आहे. एकावर परमँगनेट आयन: ८ हायड्रोजन आयन आणि ५ इलेक्ट्रॉन घेतो, मँगनीज +७ वरून +२ ला उतरतं, ४ पाणी. दुसऱ्यावर पेरॉक्साइड: २ इलेक्ट्रॉन सोडतं, ऑक्सिजन −१ वरून शून्यावर, सोबत २ हायड्रोजन आयन. पहिला दोनदा, दुसरा पाचदा मांडला की दहाला दहा इलेक्ट्रॉन जुळतात. १६ हायड्रोजन आयनांतले १० परत मिळतात, म्हणून आम्लाचे सहाच लागतात. दोन तुकडे वेगळे ठेवले की मोकळा अज्ञात उरतच नाही, कारण बाहेर येणारा ऑक्सिजन कुणाचा हे आधीच ठरवून टाकलेलं असतं: तो सगळाच्या सगळा पेरॉक्साइडचा. तिच्या २:१ मध्ये तीन रेणू ऑक्सिजन येतात आणि पेरॉक्साइड आहे एकच. म्हणजे उरलेले दोन परमँगनेटच्या अंगातून काढावे लागतात. जड ऑक्सिजनची खूण लावून हे तपासलं गेलेलं आहे आणि वायूत येतो तो पेरॉक्साइडचाच.

गणिताच्या सरांना दाखवलं. त्यांच्या मते त्यांची अनंत उत्तरं जास्त सुंदर होती.

गणपती बुधवारी. तोवर प्रयोगशाळा आवरायची आहे.

११ सप्टेंबर

साठ ठरवले होते, ५३ झाले. अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी करायला मी नकार दिला. हिरवी राख दिसते छान, पण क्रोमियमची धूळ मुलांच्या नाकात नको. परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल (१६ रेणू आम्ल, त्यातल्या १० चा क्लोरीन होतो) फ्यूम कबर्ड दुरुस्त झाल्यावर. उरलेले पाच पत्ते पेटीत कोरे ठेवलेत, मुलांनी भरावेत म्हणून.

चाचणी पुन्हा घेतली, तीच. पाण्याचं पेरॉक्साइड करणारे आता चार. चौघांनाही नाव घेऊन वाचायला लावलं, दोघं वाचतानाच थांबले.

मामांनी कपाटातल्या सगळ्या बाटल्यांवर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख घातली आहे. पेरॉक्साइड आता फ्रीजशेजारच्या अंधाऱ्या कप्प्यात. नवीन बाटली आली तीवरही '२० व्हॉल्यूम' लिहिलंय. सोमवारी सिरिंज काढायची.

पेटी आवरताना पत्ता ४१ ला टाचलेली चिठ्ठी सापडली. वळणदार अक्षर, ओळखीचं: '२:९ पण जुळतं. ब्युरेटला ५.४ यायला पाहिजे.' मी गणित करून बघितलं. ५.४ च येतं.